१ जुलै १८६५ : मुंबईला न दिसलेला आकडा

१/ १८६४-६५च्या तेजीत मुंबईच्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला. ज्या जमिनीच्या आशेवर हा भाव उभा होता, ती बहुतांशी समुद्राखालीच होती.

२/ तेजीचे मूळ अमेरिकेत होते. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसावर विसंबावे लागले. त्या व्यापारातील पैसा मुंबईत नव्या बँका आणि भरावाच्या कंपन्यांच्या शेअरांकडे वळला.

३/ यांतील कितीतरी सौदे वायद्याचे होते. भाव आज ठरे. शेअर आणि रकमेची देवघेव पुढील तारखेस होई. खरेदीदाराजवळ पुरेसा पैसा वा विकणाऱ्याजवळ शेअर असेलच, असे नव्हते. मुदतीआधी सौदा पुढे विकून फरक खिशात घालावा, हीच आशा असे. अशा शेकडो सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ होती.

४/ आज वायदेबाजाराचे निरीक्षक भावाबरोबर दिवसाची उलाढाल आणि न मिटलेले सौदे, म्हणजे ‘ओपन इंटरेस्ट’, पाहतात. भाव आणि न मिटलेले सौदे दोन्ही वाढले, तर नवा पैसा उतरत आहे. भाव वाढून सौदे घटले, तर मंदीवाले तोटा सोसून बाहेर पडत आहेत, असा ढोबळ अर्थ लावला जातो.

५/ १८६५ साली भाव सर्वांना ठाऊक होता, हा आकडा कोणालाच नव्हता. सौद्यांची एकत्रित नोंद नव्हती. दलालांची संघटनाही १८७५ साली स्थापन झाली.

६/ एप्रिल १८६५मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ती बातमी येताच कापूस घसरला, पाठोपाठ शेअर. १ जुलैला एकाने पैसे चुकते केले नाहीत म्हणून दुसरा अडकला, दुसऱ्यामुळे तिसरा. बँक ऑफ बॉम्बेने शेअरांच्या तारणावर मोठी कर्जे दिली होती. तिचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ साली ती गुंडाळावी लागली.

७/ आज तो आकडा रोज प्रसिद्ध होतो. तरीही सेबीच्या २०२४मधील अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात शेअरबाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सुमारे ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. न मिटलेले सौदे बाजारावरील ओझे दाखवतात. ते वाहणाऱ्याची ऐपत दाखवत नाहीत. १ जुलै १८६५ला मुंबईत कमी पडली ती हीच ऐपत.