अर्धी उचललेली दिनचर्या

वऱ्हाडातल्या मैदानांवर एक समज पक्का मुरलेला आहे: पहाटे चारला धावताना दिसेल तो खेळाडू, सहाला उठेल तो आळशी. अमरावतीचा धनुर्धर असो की अकोल्याचा बॉक्सर, त्याची निष्ठा गजराच्या वेळेवर मोजली जाते.

या पक्षाची बाजू लंगडी नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, सकाळी नऊलाच मैदान भाजू लागतं. उन्हाळ्यात पहाटेचा सराव हवाच. ब्राह्म मुहूर्ताला वाग्भटाचा आधार आहे आणि जुने पहिलवान तीनला उठून जोर-बैठका काढत, हेही खरं.

पण ते पहिलवान दिवे लागल्यावर जेवून लगेच आडवे होत आणि दुपारीही झोप काढत. ती दिनचर्या अखंड होती. आपण तिच्यातला फक्त गजर उचलला. रात्री अकरापर्यंत शिकवणी, अभ्यास आणि मोबाइल, आणि चारला मैदान: ही परंपरा कुठल्या तालमीची? आयुर्वेदाच्या ग्रंथांचंही तसंच. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्याबरोबर निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटलं आहे. श्रमाने, ओझ्याने, प्रवासाने, जागरणाने थकलेल्यांना त्याने दिवसाही झोपायची मुभा दिली आणि ग्रीष्मातली दिवसाची झोप हितकर मानली. रात्रीच्या गाडीने उभ्याने प्रवास करून बडनेऱ्याला उतरलेल्या पोराला त्याच पहाटे पळवणाऱ्याने शास्त्राचं नाव घेऊ नये.

आता शरीराच्या घड्याळाकडे येऊ. ज्या संशोधनाने या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडली, त्याला २०१७चं नोबेल मिळालं. वयात येताना हे घड्याळ मागे सरकतं. सोळा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही, यात त्याच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. त्यात अकोला भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे, म्हणून तिथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी बावीस मिनिटं मागे चालतो. शरीराचं तापमान आणि स्नायूंची ताकद बहुतेकांत दुपार उलटल्यावर, संध्याकाळच्या सुमारास शिखरावर असते. शिवाय सामने तरी पहाटे कुठे होतात? २७ मे २०२५ला लखनौमध्ये आयपीएलच्या सामन्यात अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या, त्या रात्री उशिरा.

स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं गेलं. त्यांची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली, मनःस्थितीही सुधारली. २०११ सालचा हा अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, हे मान्य. पण २०१४मध्ये ११२ किशोर खेळाडूंच्या पाहणीतही आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांत दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली.

मला सर्वांत जास्त टोचते ती मनाची उपेक्षा. अपुरी झोप चिंता आणि नैराश्य वाढवते, आणि चिंता पुन्हा झोप उडवते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर निवेदन काढलं, तेव्हा झोपेच्या विकारांना त्यात स्वतंत्र जागा दिली. आपल्याकडे मात्र निवड चाचणीच्या धास्तीने रात्रभर कुशी बदलणाऱ्या मुलीला ‘लक्ष नाही हिचं’ एवढंच ऐकावं लागतं. वजनगटाच्या खेळात तर जागरण हे हत्यारच ठरतं. कुस्तीगीर विनेश फोगाट पॅरिस ऑलिंपिकमध्ये रात्रभर घाम गाळत राहिली, तरी ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी शंभर ग्रॅमने अपात्र ठरली. वजन उतरवण्यासाठी झोप पणाला लावणं हे शौर्य म्हणून अकोल्याच्या बॉक्सरांना शिकवू नये.

मग करायचं काय? पहाटेचा सराव मार्च ते जून ठेवा, पण तेव्हा वसतिगृहातले दिवे नऊलाच बंद करा आणि दुपारची झोप वेळापत्रकात लिहा. हिवाळ्यात सकाळी घाई नको, कस लावणारा सराव संध्याकाळी घ्या. प्रवासानंतरची पहिली सकाळ मोकळी सोडा. आणि एखाद्याची झोप सलग दोन-तीन आठवडे बिघडलेली दिसली, तर त्याला जादा फेऱ्यांची शिक्षा देण्याआधी समुपदेशकाकडे न्या.