समुद्रामागे गेलेले दीप

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, ऱ्होन नदीच्या मुखांच्या पश्चिमेस, ल ग्रो-द्यु-रुआ नावाचे गाव आहे. उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी येणाऱ्यांनी ते गजबजून जाते. परंतु त्याचा पूर्ववृत्तांत जाणायचा, तर किनारा सोडून पाच-सहा किलोमीटर आत, एग-मॉर्त नगराच्या तटबंदीपाशी जावे लागते.

मार्सेयसारखे बंदर परसत्तेकडे, आणि भूमध्य समुद्रावर खास आपल्या अमलातले एकही नाही, अशा अडचणीत फ्रान्सचा राजा नववा लुई याने खाजणांच्या दलदलीत हे नगर उभारले, आणि 1248 मध्ये धर्मयुद्धाचे त्याचे आरमार येथूनच निघाले. समुद्र तेव्हा तटाला भिडला होता, ही समजूत मात्र खरी नव्हे. गलबते कालव्याखाजणांतून वाट काढीत दर्या गाठीत. त्यांच्यासाठी नगराच्या काँस्तांस बुरुजाच्या माथ्यावर दिव्याची मनोरी होती. सुमारे सहा मीटर जाड भिंतींचा तोच बुरूज पुढे बंदिखाना झाला, आणि मारी द्युराँ ही प्रोटेस्टंट स्त्री स्वधर्म सोडीना म्हणून 1730 पासून 1768 पर्यंत तेथे कोंडली गेली. मजल्यावरील गोल भोकाच्या दगडी कठड्यावर कोरलेला 'प्रतिकार करा' अशा अर्थाचा शब्द तिच्याच हातचा मानतात. दिव्याखालचा हा अंधार नोंदल्यावाचून माझी लेखणी पुढे सरकत नाही.

गाळाने जुने जलमार्ग बुजत गेले. खाजणातून समुद्रास मिळणाऱ्या मुखाला त्या मुलखात 'ग्रो' म्हणतात. अशाच एका मुखाशी, कालव्याच्या काठी, 1829 च्या सुमारास नवे दीपगृह बांधले गेले. त्याच्या आसपास कोळ्यांची वस्ती वाढली, इटलीहून आलेली कुटुंबे तीत मिसळली, आणि 1879 मध्ये गाव एग-मॉर्तपासून वेगळे झाले. आजही तेथला फिरता पूल बाजूस सरतो, दोन्ही तीरांवर माणसे खोळंबतात, आणि मासळीने भरलेल्या नावा, पाठीवर कुरवांचा कलकलाट घेऊन, घरांच्या दारांवरून आत येतात.

परंतु सागरी प्रवाह ऱ्होनची वाळू पश्चिमेकडे वाहून आणीत होते. एस्पिगेतचे भूशिर समुद्रात पुढे सरकत होते, आणि त्याच्या उथळ पाण्यात जहाजे रुतत होती. म्हणून 1869 मध्ये त्या भूशिरावर 27 मीटर उंचीचे चौकोनी दीपगृह उभे राहिले. बांधले तेव्हा समुद्र त्याच्यापासून सुमारे दीडशे मीटरांवर होता. आज तो सातशेच्या आसपास आहे, आणि स्नानास आलेल्या माणसांना दीपगृह मागे टाकून, तापलेल्या वाळूच्या टेकड्या ओलांडीत, पाण्यापर्यंत बराच वेळ चालावे लागते.