जठराम्लाचे उद्दीपन : एका प्रश्नाचा इतिहास आणि हिरडा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम डोंगराळ भाग हिरड्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील महादेव कोळी कुटुंबे कोवळा बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. पचनाच्या तक्रारींवर हिरडा देण्याची प्रथा आयुर्वेदात फार जुनी असून, ‘माधवनिदाना’त अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरणही आहे. परंतु भोजनोत्तर जठरात आम्ल का स्रवते, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटावयास दीर्घ काळ लागला.

जठररसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे विल्यम प्राउट यांनी 1823 साली दाखविले. पुढे पाव्हलॉव्ह यांनी या स्रावावरील मज्जातंतूंचे नियंत्रण सिद्ध केले. त्यांच्याच प्रयोगांत एक कोडे उरले. कुत्र्याच्या नकळत जठरात घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाने स्राव होत नसे. मांसाच्या अर्काने मात्र होई. 1905 साली एडकिन्स यांनी जठराच्या अंतिम भागातील ‘गॅस्ट्रिन’ या संप्रेरकाची कल्पना मांडली. ती दीर्घकाळ वादग्रस्त राहिली. 1964 साली ग्रेगरी व ट्रेसी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केल्यावर वाद मिटला.

कोड्याचा उलगडा असा की, अखंड प्रथिन हे दुर्बल उद्दीपक असून त्याच्या पचनातून निर्माण होणारी पेप्टाइडे व अमिनो आम्ले, विशेषतः फेनिलअॅलनिन व ट्रिप्टोफॅन, ही प्रबल उद्दीपके आहेत. त्यांच्यामुळे जी-पेशी गॅस्ट्रिन सोडतात, गॅस्ट्रिनमुळे हिस्टॅमिन सुटते व त्यायोगे आम्लस्राव वाढतो. आम्लता पुरेशी वाढली की सोमॅटोस्टॅटिन हा स्राव आवरते. अमिनो आम्लांची ही जाणीव जी-पेशींवरील कॅल्शियम-संवेदी ग्राहकामार्फत होते, असे 2010 साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. फेनिलअॅलनिन मांसाप्रमाणेच नाचणीत व हुलग्यातही असल्यामुळे ही यंत्रणा केवळ मांसाहाराशी निगडित नाही.

या इतिहासातून हिरड्याविषयीच्या संशोधनास एक शिस्त लाभते. हिरड्यातील टॅनिने प्रथिनांशी बद्ध होतात, हे रसायनशास्त्रास ज्ञात आहे. परंतु तेवढ्यावरून जठराम्ल घटते, असा निष्कर्ष निघत नाही. प्रथिनाचे विघटन, गॅस्ट्रिन, हिस्टॅमिन की प्रत्यक्ष आम्लनिर्मिती, यांपैकी कोणत्या पायरीवर परिणाम होतो, हे दाखविणे आवश्यक आहे. परंपरेचा अनुभव प्रश्न विचारण्यास पुरेसा आधार देतो; उत्तर मात्र प्रयोगानेच मिळवावे लागते.