मराठा पलटणींचे वसाहतकालीन बिल्ले : ओळख आणि संग्रह

ब्रिटिश राजवटीत मराठा पलटणींच्या शिपायांनी आणि अधिकाऱ्यांनी गणवेशावर लावलेली धातूची ओळखचिन्हे. पगडी व टोपीवरील बिल्ले, खांद्यावरच्या पितळी अक्षरपट्ट्या, कॉलरवरील जोडचिन्हे, आडपट्ट्यावरील व कमरपट्ट्यावरील पाट्या आणि नक्षीची बटणे यांचा त्यांत समावेश होतो. लष्करी वस्तूंच्या संग्राहकांत गुरखा पलटणींचे एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन खुकऱ्यांचे बिल्ले विशेष प्रसिद्ध आहेत. मराठा पलटणींचे बिल्ले त्यामानाने कमी अभ्यासले गेले आहेत. मात्र ते ज्या घरांतून निघतात ती घरे बहुतांशी महाराष्ट्रातच असल्याने येथील संग्राहकाला त्यांच्या मुळाचा माग काढणे शक्य असते.

पार्श्वभूमी : ईस्ट इंडिया कंपनीने १७६८ मध्ये मुंबई इलाख्यात शिपायांची एक बटालियन उभारली. ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाणारी मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन तिच्यापासून आपली परंपरा मोजते. पुढच्याच वर्षी उभी राहिलेली तुकडी ‘काळी पाचवी’ या नावाने नावारूपाला आली. १८९५ मध्ये इलाख्यांच्या स्वतंत्र फौजा संपुष्टात आल्या आणि १९०३ मध्ये सरसेनापती लॉर्ड किचनर यांच्या पुनर्रचनेत सगळ्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले. मुंबईच्या पायदळाच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. त्यामुळे तिसरी, पाचवी आणि दहावी पलटण अनुक्रमे १०३, १०५ आणि ११० झाली. चौदावी, सोळावी व सतरावी या पलटणी ११४, ११६ व ११७ झाल्या. १९२२ मध्ये या सहा पलटणी एकत्र आणून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट बनवण्यात आली. पहिल्या पाच बटालियन अनुक्रमे १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणींपासून झाल्या. ११४ वी प्रशिक्षण बटालियन झाली आणि तिला दहावा क्रमांक मिळाला.

या क्रमांकांमागे युद्धांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली. तिच्यातील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियनही त्याच वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. ११४ व्या पलटणीने ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत मोठी कीर्ती मिळवली. ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ उपाधी देण्यात आली. गुरखा पलटणींपैकी पाचव्या रायफल्सलाही हा मान त्याच वर्षी मिळाला.

काळ आणि प्रकार ठरवण्याच्या खुणा : पहिली खूण क्रमांकाची. शंभराच्या वरचा क्रमांक असलेला बिल्ला १९०३ ते १९२२ या काळातला असतो, तर पाचचा आकडा असलेला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिल्ला १९२२ नंतरचा. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीय रेजिमेंटांच्या नावातले क्रमांक गळाले. दुसरी खूण मुकुटाची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला मुकुट आणि १९०१ नंतरचा राजमुकुट यांच्या कमानींची ठेवण वेगळी आहे. प्रजासत्ताक भारतात मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. तिसरी खूण नावाच्या रोमन अक्षरांची. ब्रिटिश काळात ‘मराठा’ हा शब्द दोन ‘टी’ आणि मध्ये ‘एच’ घालून लिहीत. स्वातंत्र्यानंतर ही पद्धत बदलली. चौथी खूण रंगाची. रायफल पलटणी काळवंडलेल्या धातूची चिन्हे वापरत, लाइट इन्फन्ट्रीची चिन्हे पितळेची किंवा पांढऱ्या धातूची असत. दोरी बांधलेला बिगुल हे लाइट इन्फन्ट्रीचे सर्वत्र मान्य चिन्ह असून मराठा रेजिमेंटच्या चिन्हात तो आजही आहे.

दुर्मिळता : शिपायांच्या खांद्यावरील पितळी अक्षरपट्ट्या मोठ्या संख्येने तयार झाल्या, त्यामुळे त्या तुलनेने जास्त आढळतात. अधिकाऱ्यांची चांदीची चिन्हे आणि आडपट्ट्यांवरील पाट्या मुळातच थोड्या होत्या. ‘रॉयल’ उपाधी आणि ११७ हा क्रमांक एकत्र फार थोडा काळ टिकले, म्हणून हे दोन्ही असलेले चिन्ह विशेष दुर्मिळ ठरते. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर लवकरच बरखास्त झाली; तिच्या खुणाही फार कमी उरल्या आहेत. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात स्थापन झालेल्या महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्यावर दोन मशीनगन आल्या आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. त्यामुळे स्तंभ असलेल्या मूळ बिल्ल्याला संग्राहक मोठी किंमत देतात. संस्थानी फौजांची चिन्हे हा वेगळा गट आहे. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्सचे नाव त्यात प्रथम घ्यावे लागेल. ही तुकडी स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फन्ट्रीत विलीन झाली.

अस्सल आणि नक्कल : इंग्लंडमधील कारखान्यांत बिल्ले पोलादी ठशाखाली दाबून तयार होत; त्यांच्या रेषा टोकदार असतात आणि मागच्या बाजूला चित्राचा खळगा दिसतो. भारतातल्या बाजारपेठांतील कारागीर रेतीच्या साच्यात ओतीव बिल्लेही करत. असे ओतीव काम अस्सल असू शकते, म्हणून केवळ ओबडधोबडपणावरून बिल्ला खोटा ठरवता येत नाही. मूळ बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मात्र मुळापेक्षा किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. तिच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे राहतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि कडेला कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात. मागच्या कड्या, डाख आणि झीज या तीन गोष्टी नेहमी एकत्र तपासाव्या लागतात. खऱ्या वापराची झीज उंच भागावर असते. ॲसिडने आणलेला जुनेपणा खळग्यांतही सारखाच पसरतो.

मिळण्याची ठिकाणे आणि नोंद : पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार आणि मुंबईत चोर बाजार ही अशा वस्तूंची जुनी ठिकाणे आहेत. त्याखेरीज लिलाव आणि संग्राहकांमधील देवघेव यांतूनही बिल्ले हाती येतात. सर्वांत मोलाचा मार्ग सैनिकांच्या घरांचा आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांनी मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या जवान दिले. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. बिल्ल्यावर सैनिकाची अशी ओळख नसते. तो घराबाहेर पडला आणि त्याची हकिकत लिहून ठेवली नाही, तर तो कोणी वापरला हे कायमचे पुसले जाते. म्हणून प्रत्येक बिल्ल्याबरोबर कोणाकडून, कोणत्या गावातून आणि कधी मिळाला याची लेखी नोंद, शक्य असल्यास डिस्चार्ज बुकाची आणि छायाचित्राची प्रत ठेवणे हे संग्रहाचे खरे काम आहे. नोंद नसलेले शंभर बिल्ले अभ्यासकाला जे सांगत नाहीत, ते नोंद असलेला एक बिल्ला सांगतो.

कायदा : १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या व्यापारासाठी परवाना लागतो. दरवर्षी आणखी बिल्ले या मर्यादेत येत असल्याने परदेशी खरेदीदाराशी व्यवहार करण्यापूर्वी वस्तूचे वय तपासणे आवश्यक ठरते.

जतन : पितळेचा बिल्ला पॉलिशने चकचकीत करू नये, प्रत्येक घासणीत नक्षीचा थोडा भाग जातो आणि जुनी छटा नाहीशी होते. घामाने धातू डागाळतो, म्हणून सुती हातमोजे वापरावेत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारी द्रव्ये धातूला हिरवट डाग पाडतात. पावसाळ्यातील दमटपणासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. चांदी आणि पितळ एकमेकांना लागू न देता स्वतंत्र कप्प्यांत आम्लविरहित कागदात ठेवावे.

संस्था : मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे व तेथे रेजिमेंटचे संग्रहालय आहे. पुण्यात दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या आवारात लष्करी संग्रहालय आहे, तर खडकीला बॉम्बे सॅपर्सचे संग्रहालय आहे. गुरखा पलटणींच्या वस्तूंसाठी इंग्लंडमधील विंचेस्टर येथे स्वतंत्र संग्रहालय आहे. आजोबा-पणजोबांचा बिल्ला जपणे ज्या घराला शक्य होत नाही, त्याने तो भंगारात किंवा मोडीत न घालता हकिकतीसह रेजिमेंटच्या संग्रहालयाकडे सोपवावा.