रेखाकला परीक्षा, शासकीय

शालेय विद्यार्थ्यांच्या चित्रकलेतील मूलभूत कौशल्याची पारख करण्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या दोन टप्प्यांच्या परीक्षा. पहिला टप्पा एलिमेंटरी व दुसरा इंटरमिजिएट या नावाने ओळखला जातो. विद्यार्थी साधारणतः सातवी ते दहावी या इयत्तांत या परीक्षांना बसतात. शालान्त परीक्षेपूर्वी चित्रकलेचा पद्धतशीर अभ्यास करण्याची राज्यातील बहुसंख्य मुलांना मिळणारी ही मुख्य संधी होय.

पूर्वपीठिका : मुंबईत 1857 मध्ये सर ज. जी. कलाशाळा स्थापन झाली. तेथे 1879 मध्ये रेखन-शिक्षणाचा आणि 1893 मध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. या शिक्षणावर लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील कलाशिक्षणपद्धतीची छाप होती. कुशल कारागीर व आरेखक घडविणे हा तिचा एक प्रमुख हेतू असल्याने अचूक रेषा, भूमिती आणि अलंकरण यांवर भर राहिला. आजच्या प्रश्नपत्रिकांतही तो दिसतो. 1965 मध्ये स्वतंत्र कला संचालनालय अस्तित्वात आले.

परीक्षेचे विषय : दोन्ही टप्प्यांत चार प्रश्नपत्रिका असतात. एलिमेंटरीतील वस्तुचित्रात भांडी, खोकी, फळे यांसारख्या साध्या आकारांच्या मोजक्या वस्तू मांडलेल्या असतात. इंटरमिजिएटमधील स्थिरचित्रात वस्तूंची संख्या वाढते व मागे कापडाची पार्श्वभूमी येते. विद्यार्थी मांडणीभोवती बसतात, त्यामुळे प्रत्येकाला तीच मांडणी वेगळ्या कोनातून दिसते आणि शेजाऱ्याचे चित्र पाहून काढता येत नाही. हात लांब करून पेन्सिलीवर प्रमाण मोजणे, भांड्याच्या काठाचा लंबवर्तुळाकार डोळ्यांच्या पातळीनुसार ठरविणे, छायाप्रकाश व वस्तूची जमिनीवर पडलेली सावली रंगविणे या गोष्टी येथे पाहिल्या जातात. निरीक्षणाची खरी कसोटी याच प्रश्नपत्रिकेत लागते.

स्मरणचित्रात आठवडी बाजार, बसथांबा, सण-उत्सव यांसारख्या नित्याच्या प्रसंगांपैकी एक रंगवायचा असतो. मानवाकृतींचे प्रमाण, त्यांच्या हालचाली आणि जवळच्या-दूरच्या आकृतींमधील फरक यांना त्यात महत्त्व असते. तयार चित्र पाठ करून उतरविण्याचा प्रघात याच प्रश्नपत्रिकेत अधिक आढळतो. त्याने विषयाचा हेतूच हरवतो, कारण पाहिलेले मनात साठवून ते नव्याने रचणे येथे अपेक्षित असते.

संकल्पचित्रात वर्तुळ, चौरस, त्रिकोण अशा दिलेल्या आकाराची नैसर्गिक, भौमितिक वा आलंकारिक घटकांनी विभागणी करून ती सपाट रंगांत पूर्ण केली जाते. उष्ण, शीत, विरोधी, एकरंगी इत्यादी रंगसंगतींचे ज्ञान त्यासाठी लागते. चौथी प्रश्नपत्रिका कर्तव्य भूमिती व अक्षरलेखनाची असून इंटरमिजिएटमध्ये तीत घनभूमितीची भर पडते. लोलक, सूची, शंकू, वृत्तचिती यांची समोरून व वरून दिसणारी दृश्ये काढण्याचा हा सराव पुढे वास्तुरचना व अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांनाही उपयोगी पडतो.

श्रेणी व वाढीव गुण : उत्तीर्णांना अ, ब किंवा क श्रेणी मिळते. इंटरमिजिएटमधील श्रेणीनुसार दहावीच्या विद्यार्थ्यांना अनुक्रमे 7, 5 व 3 वाढीव गुण देण्याची तरतूद आहे. या सवलतीमुळे परीक्षेला बसण्याचा ओढा वाढला, असे मानले जाते. तथापि गुणांसाठी आलेले विद्यार्थी आणि चित्रकलेच्या ओढीने आलेले विद्यार्थी यांची सांगड कशी घालावी, याबाबत कलाशिक्षकांत एकमत नाही.

अध्यापन : परीक्षेची तयारी मुख्यतः शाळेतील चित्रकला शिक्षक करून घेतात. नियमित तासिका अपुऱ्या पडत असल्याने शाळेच्या वेळेआधी वा सुटीच्या दिवशी वर्ग घेण्याची परंपरा अनेक शाळांत आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या, शंभराहून अधिक पटाच्या शाळांसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक अपेक्षिला आहे. पूर्णवेळ कलाशिक्षक नसेल, तेथे नववी-दहावीपर्यंतचा सलग सराव टिकविणे कठीण जाते. खाजगी वर्गांचे शुल्क न परवडणाऱ्या मुलांचे त्यात सर्वाधिक नुकसान होते.

उच्च माध्यमिक स्तर : अकरावी-बारावीत चित्रकला ऐच्छिक असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या चित्रकला विषयात प्रात्यक्षिकाला 70 व भारतीय कलेच्या इतिहासावरील लेखी परीक्षेला 30 गुण असतात.

मूल्यमापन : ठरावीक साचा आणि कलेतिहासाचा अभाव या परीक्षांच्या उणिवा होत. चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला अजिंठ्याची किंवा लघुचित्रांची ओळख येथे होईलच असे नाही. मात्र ग्रामीण व शहरी, दोन्ही भागांतील मुलांना एकाच मोजपट्टीने सिद्ध होण्याची संधी देणारी ही व्यवस्था आहे. तिच्या विषयांत रसग्रहणाची जोड दिल्यास तिचे शैक्षणिक मूल्य वाढेल.