अन्नछत्रातील घंटा

तंजावराहून पट्टुकोट्टैमार्गे रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी १८०२ साली येथे मुक्तांबेच्या स्मरणार्थ एक छत्र उभारले. मुक्तांबा ही त्यांची विवाहित राणी नव्हती. परंतु वाटसरूंच्या पोटाची चिंता वाहणारी ही वास्तू तिच्याच नावाने ओळखली गेली. तमिळ देशात ज्याला 'छत्रम्' म्हणतात, त्यात आपली धर्मशाळा आणि अन्नछत्र ही दोन्ही एकत्र नांदत असत.

ही वास्तू उभी राहिली तो काळ राजवैभवाचा नव्हता. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता आणि सरफोजींच्या हाती तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि महसुलाचा ठरीव हिस्सा एवढेच उरले होते. अशा वेळी १८०१ साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. आपला मुलूख धर्मराज्य म्हणून ओळखला जातो आणि हाच आपला सर्वांत मोठा मान आहे, असे सांगून छत्रांचा कारभार आपल्याकडेच राहू द्यावा, अशी विनंती त्यांनी त्यात केली.

त्या पत्रातील तपशील वाचून आजचा कारभारीही थक्क होतो. छत्रात ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सर्वांना अन्न मिळे. शिजविलेला भात न घेणाऱ्यांस कोरडा शिधा मिळे. तेथे पंतोजी होते, तसेच रोगांवर आणि सर्पविषावर उपचार करणारे वैद्यही होते. पोरक्या मुलांचा सांभाळ होई, तान्ह्यांना दूध मिळे, गर्भवती स्त्रीची तेथेच प्रसूती झाली तर पुढे तीन महिने तिची व्यवस्था लावली जाई. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई : ज्याचे जेवण राहिले असेल त्याने यावे.

या घंटेने माझ्या मनात घर केले आहे. जो आला त्याला वाढणे ही उदारता खरी. परंतु जो राहिला त्याला शोधणे ही त्याहून मोठी गोष्ट होय.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. छत्र सर्वांना वाढीत होते, ते जातिभेद मोडून नव्हे, तर सांभाळून. शिवाय ते दान होते. पंगतीत बसलेल्याला राजाकडे काही मागण्याचा अधिकार नव्हता. राजाची इच्छा हाच त्याचा आधार. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून वारले, राज्य संपले आणि छत्रे परक्या सरकारच्या मर्जीवर गेली. त्याविरुद्ध दाद मागण्याचे साधन भुकेल्यांच्या हाती नव्हते.

ते साधन घडविण्याचे काम विसाव्या शतकाने आरंभिले. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांसह पुरेशा राहणीमानाचा प्रत्येक माणसाला हक्क आहे, असे त्याचे पंचविसावे कलम सांगते. पुढे १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने या हक्कांना बंधनाचे रूप दिले आणि १९७९ साली भारताने तो करार स्वीकारला.

परंतु आता वाटसरूही बदलला होता. रामेश्वरचा यात्रेकरू चार दिवसांनी पुढे जाई. शहरातील गरीब मात्र राहावयास आलेला असतो. तमिळनाडूतीलच सेलमचा एक भूमिहीन मजूर १९६१ साली पोटासाठी मुंबईत आला. १९८१ च्या जुलैत महापालिकेने त्याची झोपडी पाडली आणि बायकोमुलींसह त्याला सेलमच्या गाडीत बसविले. कामासाठी तो पुन्हा मुंबईत आला. त्याचे आणि इतर पदपथवासीयांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय. मात्र रीतसर पूर्वसूचना देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही त्याच निर्णयाने ठेवली. हक्क मान्य झाला. छप्पर मात्र गेले ते गेलेच.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी शिधापत्रिकेच्या खिडकीशी एक म्हातारी आली. ती पुलाखाली राहत असे. राहण्याचा पुरावा आण, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "साहेब, पुलाला कुठं नंबर असतो?" मी नियम दाखविला आणि ती परत गेली. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. ती पुन्हा आली नाही, आणि मीही तिला शोधले नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्न हे मेहेरबानीतून काढून हक्कात आणले, ही थोर गोष्ट घडली. दानाला अधिकाराचे रूप आले. पण छत्राकडून एक गोष्ट घ्यावयाची राहिली. दाता राजा गेला याचे दुःख नको. मात्र रात्री कचेरी बंद करताना कोण राहिले, हे विचारणारी घंटा आपल्याला नव्याने टांगावी लागेल, आणि तिची दोरी आम्हा चाकरमान्यांच्याच हाती आहे.