पॅकेजची भांडारे: एका परावलंबनाचा इतिहास

नीरेच्या उजव्या कालव्यावर ऊस पिकविणाऱ्या माळशिरस तालुक्याला परावलंबन म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. १९२८ साली पुरे झालेले भाटघरचे धरण तिकडे भोर तालुक्यात, आणि भिजायचे रान इकडे. वरच्या दरवाजाशी काय चालले आहे ते शेपटाच्या शेतकऱ्याला दिसत नाही. सॉफ्टवेअर लिहिणारे लोकही, ज्यांच्याकडून तयार भाग घेतात त्यांना ‘अपस्ट्रीम’, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचे, असेच म्हणतात.

या तयार भागांना पॅकेज म्हणतात. एका पॅकेजला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे. ही सारी आणून जुळविणारे साधन कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. माझ्या मते तो विश्वास कोणावर टाकावा, असा प्रश्न आहे.

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन हा प्रकल्प आरंभिला. तेथे लेखकाचे पॅकेज थेट आपल्या हाती पडत नाही. मध्ये एक स्वयंसेवक ते पारखून, बांधून मग भांडारात ठेवतो. पुढे आलेले ‘ॲप्ट’ हे साधन एक नाव सांगताच त्याला लागणारी बाकीची पॅकेजेही आणू लागले. व्यवस्था चोख, पण संथ. तरुणांना ती सोसवेना. २०१० साली निघालेल्या ‘एनपीएम’मध्ये कोणीही पॅकेज ठेवावे आणि कोणीही उचलावे. पारखी गेला, वेग आला.

त्या वेगाची किंमत २२ मार्च २०१६ रोजी कळली. अझेर कोचुलू या लेखकाचा एका पॅकेजच्या नावावरून तंटा झाला. ते नाव दुसऱ्या कंपनीला दिले गेले, तेव्हा त्यांनी आपली सारी पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे होते. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकामी जागा भरणे! तेवढ्याने जगभर हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. पॅकेज काही तासांतच परत आले, आणि ते मागे घेण्याचे नियमही पुढे कडक झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फेसबुकने ‘यार्न’ आणले. त्यात ‘लॉक फाइल’ होती: कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती घेतली, याची नोंद. रुबीच्या ‘बंडलर’मध्ये ती २०१० पासूनच होती. अशी नोंद नसेल, तर आज बांधलेले काम उद्या वेगळेच निघू शकते. मात्र तीच वस्तू पुन्हा आली एवढेच ती सांगते. वस्तू चांगली आहे की नाही, ते सांगत नाही.

मार्च २०२४ मध्ये दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग आंद्रेस फ्रॉइंड यांनी काढला, तो ‘एक्सझेड’ पॅकेजात चोरदरवाजा सापडला. ‘जिया तान’ हे नाव लावणाऱ्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम करून थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळविला होता. ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखेत पोचली होती, स्थिर शाखेत नव्हे. संथपणा असा कामी आला. अर्थात पारखीही चुकतो: २००६ मध्ये डेबियनमध्येच झालेल्या एका बदलामुळे गुप्त किल्ल्या कच्च्या निघू लागल्या, आणि ते २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही.

समजा, साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम करायचा आहे. मी स्थिर शाखा घेईन, क्षुल्लक ओळी स्वतः लिहीन, बाकीची पॅकेजे लॉक फाइलसह कारखान्याच्याच संगणकावर उतरवून ठेवीन. आणि आवृत्ती बदलायची ती गाळप आटोपल्यावर, काट्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग नसताना.